हट्टी मुलाची रात्र कशी सांभाळावी

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर उचलून रस्त्यावरून घरी आणता येते, रडत असतानाही अंघोळ घालता येते, मांडीवर घट्ट धरून औषधही पाजता येते. झोप मात्र त्याच्याकडून करवून घेता येत नाही. मराठीत ‘झोपवणे’ असे क्रियापद आहे खरे, परंतु झोप ही ज्याची त्याला लागते किंवा येते, आणि हट्टी मुलाला ही गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांच्या कितीतरी आधी उमगते. दिवसभर मोठ्यांचेच चालते, या एका बाबतीत मात्र कोणाचे काही चालत नाही, हे त्याच्या एकदा लक्षात आले की रात्रीचे नऊ ते अकरा हे दोन तास घरात सगळ्यांनाच नकोसे होतात. म्हणून पुढे जे सांगितले आहे ते सगळे एकाच वाटणीवर आधारलेले आहे: झोपण्याची वेळ, जागा आणि त्याआधीचा तास मोठ्यांनी आपल्या हातात ठेवावा, आणि डोळा कधी लागेल हे मुलावर सोडून द्यावे.

आमची मुलगी आता पाच वर्षांची आहे. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरात ती, माझे आईवडील, पत्नी आणि मी असे पाचजण राहतो. ती दोन वर्षांची झाल्यानंतरचे सात-आठ महिने घरात कोणाचीच सलग झोप झाली नाही. त्या काळात ज्या चुका झाल्या त्यांतील निम्म्याहून अधिक माझ्या होत्या. त्या ओघाने येतीलच.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. मूल हट्टी आहे म्हणजे ते बिघडलेले आहे किंवा त्याचे लाड फार झाले आहेत, असा निष्कर्ष शेजारीपाजारी चटकन काढतात. न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ पतिपत्नींनी १९५६ पासून अनेक मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा त्यांना असे दिसले की काही मुले जन्मल्यापासूनच तीव्र प्रतिक्रिया देणारी, झोपण्या-खाण्याच्या वेळा अनियमित असणारी आणि बदल सहजी न स्वीकारणारी असतात. त्यांच्या पाहणीत अशा मुलांचे प्रमाण साधारण दहात एक होते. मुलाचा स्वभाव आणि घरातली पद्धत यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वभाव आपल्याला बदलता येत नाही. घरातली पद्धत मात्र, थोड्या कुरबुरीनंतर का होईना, बदलता येते.

आठवडाभर नुसते लिहून ठेवावे

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. ज्या चौकटीत दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली जाते, त्याच चौकटीत पाच वेळा लिहाव्यात: सकाळी उठल्याची, दुपारच्या झोपेची सुरुवात आणि शेवट, रात्री अंथरुणावर नेल्याची, आणि प्रत्यक्ष डोळा लागल्याची. रात्री मूल जितक्यांदा उठेल तितक्या उभ्या रेघा ओढाव्यात. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावे, कारण आठवणीवर विसंबून राहिल्यास ‘रात्रभर झोपलीच नाही’ असे प्रत्येकजण सांगतो आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षे वयोगटातील मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास, तर तीन ते चार वर्षे वयोगटातील मुलांना १० ते १३ तास झोप आवश्यक असते, आणि दुपारची झोप यातच धरलेली आहे. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण दुपारी तीन तास झोपलेल्या मुलाने रात्री साडेआठला झोपावे आणि सकाळी आठपर्यंत उठू नये, अशी अपेक्षा करणारे आईवडील मी पाहिले आहेत. त्यांचे मूल झोपत नसते असे नाही, त्याची झोप झालेली असते.

आमच्या चौकटींत सात दिवसांनी जे चित्र दिसले ते असे होते: रात्री नऊला आम्ही तिला अंथरुणावर नेत होतो आणि डोळा लागत होता पावणेअकराच्या पुढे, सकाळी उठण्याची वेळ साडेसहापासून पावणेनऊपर्यंत कुठेही, आणि दुपारची झोप सव्वाचार ते सव्वासहा. एकूण बेरीज साडेदहा तासांच्या आसपास होती. म्हणजे झोप कमी होती, परंतु आम्हाला वाटत होती तितकी कमी नव्हती. ती दिवसाच्या भलत्याच भागात पडत होती, आणि आम्ही रोज पावणेदोन तास अशा मुलीशी झगडत होतो जिला तेव्हा झोप येणे शक्यच नव्हते.

आधी सकाळ, मग दुपार, रात्र शेवटी

मुलाला ठराविक वेळी झोपायला लावता येत नाही, पण ठराविक वेळी उठवता येते. म्हणून सुरुवात सकाळपासून करावी. रात्र कशीही गेली असली तरी सातला, किंवा आपल्या घराला सोयीची जी वेळ असेल तेव्हा, खिडकीचा पडदा बाजूला करावा, घरातले आवाज सुरू होऊ द्यावेत आणि मुलाला हळूहळू जागे करावे. सकाळच्या उजेडामुळे शरीरातले घड्याळ जागेवर येते, त्यामुळे उठल्यानंतर अर्धा तास गॅलरीत, गच्चीवर किंवा खाली दूध आणायला नेणे हे सर्वात स्वस्त औषध आहे. रात्री चारदा उठलेल्या मुलाला सकाळी उठवणे क्रूरपणाचे वाटते, आणि ‘झोपू दे ना बिचारीला’ असे घरातले कोणीतरी म्हणतेच. पण सकाळी उशिरापर्यंत मिळालेली झोप ही रात्रीच्या खात्यातूनच उचललेली असते.

दुपारच्या झोपेच्या बाबतीत नेम असा धरावा की ती तीनच्या सुमारास संपलेली असावी. दीड वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांची दिवसाची दुसरी झोप सुटते आणि एकच उरते. ही उरलेली झोप बहुतेक मुले तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान कधीतरी सोडतात, त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाची दुपारची झोप पूर्णपणे बंद करण्याची घाई करू नये. ती करून पाहिली की काय होते हे आम्ही अनुभवले आहे: मूल संध्याकाळी साडेपाचला जेवणाच्या ताटावर पेंगते, अर्धा तास झोपते आणि मग रात्री बारापर्यंत टक्क जागे असते. झोप बंद करण्याऐवजी अलीकडे आणावी. आमच्याकडे माझी आई दुपारचे सगळे आवरून चारला पडत असे आणि नातही तिच्याबरोबर झोपत असे. जेवण साडेअकराला हलवल्यावर मुलगी साडेबाराला पडू लागली. दुपारच्या झोपेची वेळ बदलणे म्हणजे प्रत्यक्षात आजीच्या दुपारची वेळ बदलणे होते, आणि ते तिने केले म्हणूनच पुढचे सगळे जमले.

आता रात्र. येथे जी पद्धत सांगतो आहे ती बहुतेकांना उलटी वाटेल. मूल पावणेअकराला झोपत असेल, तर त्याला नऊला अंथरुणावर नेणे थांबवावे आणि साडेदहालाच न्यावे. तीन-चार रात्री असे केले की अंथरूण आणि भांडण यांची जी जोडी मुलाच्या मनात बसलेली असते ती तुटते, कारण ते अंथरुणावर येते तेव्हा खरोखरच झोपाळलेले असते आणि वीस मिनिटांत झोपी जाते. मग दर दोन-तीन रात्रींनी पंधरा मिनिटे अलीकडे यावे. मध्येच पुन्हा अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू लागला तर एक पायरी मागे जाऊन तिथे थोडे थांबावे. साडेदहावरून नऊपर्यंत यायला आम्हाला साधारण तीन आठवडे लागले. हट्टी मुलाच्या बाबतीत ही पद्धत मला सर्वात योग्य वाटते, कारण तिच्यात मुलाला हरवावे लागत नाही.

शेवटच्या तासात बाबांनी काय करू नये

ऑफिस सुटल्यावर लोकल पकडून मी घरी पोहोचत असे तेव्हा नऊला दहा-पंधरा मिनिटे कमी असत. दिवसभर मुलीला पाहिलेले नसल्यामुळे दारातच तिला उचलून वर उडवणे, घोडाघोडा, लपाछपी, गुदगुल्या असा कार्यक्रम सुरू होई, आणि अर्ध्या तासाने मी घामाघूम होऊन जेवायला बसलो की पत्नीने त्या उधळलेल्या मुलीला झोपवावे अशी माझी अपेक्षा असे. ती झोपत नसे याचा दोष मी बराच काळ तिच्या हट्टाला देत होतो. बापाने उशिरा येऊन मुलाला भेटूच नये असे माझे म्हणणे नाही. भेटण्याची रीत बदलावी. मी आल्यावर हातपाय धुऊन थेट अंथरुणाशी बसू लागलो आणि गोष्ट सांगण्याचे काम माझ्याकडे आले, तर दंगामस्ती सकाळी सात ते साडेसात या वेळेत गेली. तिला उठवण्यासाठी त्याहून चांगला उपाय दुसरा नव्हता.

त्या तासाचा क्रम दररोज तोच असावा आणि तो लहान असावा. जेवण साडेसात-आठपर्यंत उरकलेले असावे. वरणभात, मेतकूटभात किंवा खिचडी यांहून वेगळे काही लागत नाही, आणि दूध द्यायचे असेल तर ते दात घासण्यापूर्वी द्यावे, झोपताना बाटलीतून देऊ नये, कारण दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात लवकर किडतात. संध्याकाळी चहात बुडवलेले बिस्किट कौतुकाने भरवले जाते. ते बंद करावे, कारण चहामुळे झोप तर लांबतेच, शिवाय अन्नातील लोहही अंगी लागत नाही. मग कोमट पाण्याने अंग धुणे किंवा नुसते हातपाय पुसणे, मऊ सुती कपडे, दात, आणि दिवा मंद. ट्यूबलाइटचा पांढरा लख्ख प्रकाश मेलाटोनिन या झोप आणणाऱ्या संप्रेरकाला रोखतो आणि लहान मुलांवर त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा अधिक होतो. त्यामुळे आठनंतर खोलीत पिवळा कमी वॉटचा बल्ब लावावा. मोबाइल आणि टीव्ही यांबाबत भारतीय बालरोग अकादमीची भूमिका स्पष्ट आहे: दोन वर्षांखाली अजिबात नाही, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. तो तास झोपण्यापूर्वीचा नसावा, एवढे त्यात मी घालीन. ‘एक गाणे लावले की शांत बसते’ हे खरे आहे, पण शांत बसणे म्हणजे झोपाळणे नव्हे.

एप्रिल-मे महिन्यांत डोंबिवलीसारख्या दमट गावात या सगळ्याला उकाडा छेद देतो. झोपण्याआधी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते, ते उतरत नाही. अंथरूण पंख्याखाली पण थेट झोतात नाही असे घालावे, पातळ चादर पुरे, मच्छरदाणी घट्ट खोचलेली असावी. डासांमुळे होणारी झोपमोड पुष्कळ घरांत हट्टाच्या नावावर जमा होते.

गोष्ट एकच सांगावी आणि रोज तीच सांगावी. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पुढे काय होणार हे माहीत असणे हीच त्यांची झोपेची तयारी असते. आमच्याकडे मेणाच्या आणि शेणाच्या घरांची चिऊ-काऊची गोष्ट चालत असे. ती निवडण्यात माझी थोडी फसगत झाली, कारण ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ असे म्हणत चिमणी जी चालढकल करते, ती मुलीने आठवड्याभरात उचलली आणि दिवा मालवायची वेळ आली की बाहुलीची अंघोळ, बाहुलीची पावडर, बाहुलीचे शिंकणे अशी कामे निघू लागली. अखेर बाहुलीला तिच्याआधी अर्धा तास झोपवण्याचे ठरले, आणि ते काम तिच्याकडेच सोपवल्यावर ती फार कडक शिस्तीची आई निघाली.

हट्टाला दिवसा जागा द्यावी

ज्या मुलाला दिवसभर एकही गोष्ट स्वतः ठरवू दिली जात नाही, ते रात्री हिशेब चुकता करते. म्हणून दिवसातून आठ-दहा वेळा तरी त्याला खऱ्याखुऱ्या निवडी द्याव्यात: लाल चड्डी की पिवळी, आधी पोळी की आधी भात, जिना चालत की कडेवर. वेळ लागला तरी चप्पल स्वतः घालू द्यावी. प्रत्येक निवडीत पर्याय दोनच असावेत, आणि दोन्ही आपल्याला चालणारे असावेत. जे चालणार नाही ते विचारूच नये.

रात्रीच्या बोलण्यातही हेच लागू होते, आणि येथे आपल्या बोलण्याच्या सवयीचा एक सापळा आहे. मराठी माणूस सौजन्याने प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘का’ किंवा ‘ना’ लावतो: ‘चल, झोपूया का?’, ‘आता दात घासायचे ना?’ दोन वर्षांच्या मुलाला हा प्रश्न खरा वाटतो आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असते. मग त्याने दिलेले उत्तर आपण मानत नाही, आणि त्याला राग येतो, जो माझ्या मते रास्त आहे. त्याऐवजी ‘आता दिवा मालवायचा आहे, तू मालवतेस की बाबा मालवू?’ असे म्हणावे. दिवा मालवायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही, मालवण्याचा मान मात्र मुलाला मिळतो. बटणापर्यंत हात पोहोचत नसेल तर उचलून धरावे. कोणती गोधडी, कोणाच्या बाजूला तोंड, पाण्याचा पेला उशाशी की पायाशी, हे सगळे त्याचे त्याला ठरवू द्यावे.

एवढे करूनही काही रात्री आदळआपट होईलच. अशा वेळी जवळ बसावे, डोक्याला लागणार नाही एवढे पाहावे आणि बोलणे जवळजवळ बंद करावे. समजूत, आमिष, धमकी यांतले काहीही त्या क्षणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. एकच वाक्य, ‘मी इथेच आहे, आता झोपायची वेळ आहे’, त्याच आवाजात, पाच-सात मिनिटांनी पुन्हा म्हणावे. बागुलबुवा, पोलीस, सुई टोचणारे डॉक्टर यांना मदतीला बोलावू नये. भीतीने मूल गप्प बसते, परंतु तीच भीती रात्री दोनला त्याला उठवते, आणि पुढे दवाखान्यात ते पायरीही चढत नाही.

काही मुले रडता रडता श्वास रोखून धरतात, ओठ निळे पडतात आणि क्षणभर शुद्धही हरपते. पाहणाऱ्याचे काळीज थांबते. बहुतेक वेळा हे मिनिटाच्या आत आपोआप थांबते. मुलाला कुशीवर आडवे करावे, गदागदा हलवू नये, तोंडावर पाणी मारू नये, आणि पहिल्यांदा असे झाल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावे. लोहाच्या कमतरतेशी याचा संबंध आढळतो, म्हणून रक्ताची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर मात्र ‘श्वास रोखेल’ या धास्तीने प्रत्येक हट्ट पुरवायला सुरुवात करू नये.

मध्यरात्री उठते तेव्हा

या वयातील झोपेचे एक आवर्तन साधारण तासाभराचे असते, मोठ्यांचे दीड तासाचे. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आपण सगळेच किंचित जागे होतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. मूल खांद्यावर किंवा झोळीत झोके घेत झोपलेले असेल आणि जाग येते तेव्हा खाली सपाट गादीवर असेल, तर त्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटते आणि ते आधीचीच परिस्थिती परत मागते. म्हणून डोळा लागण्याची शेवटची पाच मिनिटे अंथरुणावर जावीत, हे साध्य करण्याकडे सगळे लक्ष द्यावे. ते एका रात्रीत होत नाही. आठवडाभर खांद्यावर पेंगल्यावर पण पूर्ण झोपण्यापूर्वी खाली ठेवून थोपटावे. पुढच्या आठवड्यात थोपटणे हळू करत नुसता हात पाठीवर ठेवावा. त्यानंतर हात काढून शेजारी बसावे. रात्री उठल्यावर ज्या पायरीवर असाल तेवढेच करावे, त्याहून अधिक नाही. दिवा लावू नये, स्वयंपाकघरात नेऊ नये, पाण्याचे दोन घोट पुरेत.

मुलाला वेगळ्या खोलीत एकटे झोपवावे, असा सल्ला परदेशी लिखाणात वारंवार येतो. दोन खोल्यांत पाचजण राहणाऱ्या घराला तो लागू पडत नाही, आणि वर्ष उलटलेले मूल आईबापांच्या शेजारी झोपते म्हणून त्याची झोप बिघडते, असे मला कधी दिसले नाही. ठराविक मिनिटे रडू देऊन मगच जवळ जाण्याच्या पद्धतीबद्दलही प्रामाणिकपणे सांगायचे तर, तिने मुलांच्या मनावर कायमचा आघात होतो हे खरे नाही. ऑस्ट्रेलियात तान्ह्या मुलांवर झालेल्या एका चाचणीच्या पाच वर्षांनंतरच्या पाहणीत, जी २०१२ साली प्रसिद्ध झाली, कोणताही दूरगामी अपाय आढळला नाही. आमच्या मुलीने मात्र तिसऱ्या रात्री पन्नास मिनिटे भोकाड पसरले आणि पन्नासाव्या मिनिटाला आम्ही तिला उचलले. त्यातून ती एवढेच शिकली की पन्नास मिनिटे रडावे लागते. जी पद्धत आपण शेवटपर्यंत निभावू शकणार नाही ती सुरूच करू नये. कोणतीही नवी सवय लावताना तिसऱ्या-चौथ्या रात्री रडणे आधीपेक्षा वाढते आणि मग ओसरते, हे धरून चालावे. भिंती पातळ असतात, तेव्हा शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. आम्ही वाटीभर शिरा घेऊन गेलो होतो, आणि त्यानंतर भिंतीवर थापा पडणे थांबले.

आई अजून अंगावर पाजत असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही पाजायला काहीच हरकत नाही. फक्त पाजणे आणि झोप लागणे यांच्यात गोष्टीचे अंतर ठेवावे. रात्री उठवल्यावर कोण उठणार हेही झोपण्यापूर्वी ठरलेले असावे. आम्ही दोनपर्यंत मी आणि दोननंतर पत्नी अशी वाटणी केली होती, आणि ज्याची पाळी नसेल त्याने डोळेही उघडायचे नाहीत, असा नियम होता.

झोप लागल्यापासून दोन-तीन तासांच्या आत मूल किंचाळत उठले, डोळे उघडे असूनही आपल्याला ओळखत नसले आणि सकाळी त्याला काही आठवत नसले, तर ते वाईट स्वप्न नसून गाढ झोपेतले दचकणे असते. त्याला जागे करण्याचा प्रयत्न करू नये, पडणार-आपटणार नाही एवढे पाहून थांबावे. वाईट स्वप्ने बहुधा पहाटेकडे पडतात आणि तेव्हा मूल कुशीत शिरते. तेव्हा जवळ घ्यावे. दोन्ही प्रसंगी दुसऱ्या दिवशी आजी दृष्ट काढते. मीठमोहरी ओवाळण्यास माझी काही हरकत नाही, आजीचे मन शांत होते. विस्तवावर मिरच्या टाकून खोलीभर ठसका करण्यास मात्र आहे.

घरातल्या मोठ्यांशी बोलणे

हे बोलणे रात्री दहाला, मूल रडत असताना करू नये. रविवारी दुपारी, सगळे जेवून बसलेले असताना, कालनिर्णयच्या चौकटी समोर ठेवून करावे. ‘तुमच्यामुळे झोपत नाही’ या वाक्याऐवजी आकडे बोलू द्यावेत. एकाने ‘नाही’ म्हटलेल्या गोष्टीला दुसऱ्याने ‘हो’ म्हणू नये, एवढा एकच ठराव झाला तरी पुष्कळ आहे, कारण हट्टी मूल घरातली फट दोन दिवसांत शोधते. वडिलांच्या बातम्या आणि आईची मालिका हा नाजूक विषय होता. साडेआठला टीव्ही बंद करण्याची मागणी मी केली नाही. आवाज कमी आणि मधले दार बंद, यावर तडजोड झाली. एकाच खोलीचे घर असेल तर सगळ्यांनीच अर्धा तास दिवे मंद करून पडावे, आणि मूल झोपल्यावर उठावे.

आजीच्या औषधांच्या बटव्याबद्दल थोडे सांगतो. सहाणेवर जायफळाचा एखादा वेढा उगाळून देण्याची रीत जुनी आहे, पण जायफळ मात्रेबाहेर गेले तर ते विषारी ठरते आणि वेढ्याचे मोजमाप कोणाकडेच नसते, म्हणून मी ते टाळायला सांगेन. झोप यावी म्हणून बाळाला काहीतरी चाटवण्याचा आपल्याकडचा इतिहास फारसा चांगला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका नाइलाजाने मुलांना अफूची बाळागोळी देऊन जात, ही फार जुनी गोष्ट नव्हे. आजची बाळागोळी म्हणजे सर्दीचे औषध. त्याने गुंगी येते म्हणून प्रवासात किंवा लग्नात ते पाजणारे लोक आहेत. सर्दीच्या औषधांतले क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिला आहे. झोपेसाठी कोणतेही औषध डॉक्टरांशिवाय देऊ नये.

डॉक्टरांना कधी दाखवावे

बहुतेक रात्री घोरणे, तोंडाने श्वास घेणे, झोपेत श्वास अडखळणे, मान मागे टाकून झोपणे, ही लक्षणे वाढलेल्या ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) किंवा टॉन्सिलची असू शकतात. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर सुतासारखे बारीक जंत असू शकतात. पाय सतत झाडणे, फिकटपणा, माती किंवा खडू खाणे ही लोह कमी असल्याची चिन्हे आहेत, आणि ही शक्यता आपल्याकडे दुर्मीळ नाही: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या आणि म्हणून जेवण टाळणाऱ्या मुलांत तो अधिक दिसतो. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून लोहाचे सिरप मिळते, तसेच १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या दिवसांच्या सुमारास जंतनाशक गोळी दिली जाते. मुलाचे नाव तिथे नोंदवलेले असावे. शब्द वाढत नसतील, हाक मारल्यावर मूल पाहत नसेल आणि झोपही बिघडलेली असेल, तर ‘हट्टी आहे’ म्हणून थांबू नये.

सण, लग्ने आणि गावाला जाणे

वेळापत्रक बसल्यानंतर ते मोडण्याचे प्रसंग येतातच, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. गौरी-गणपतीत घर भरलेले असते, विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलताशे रात्री उशिरापर्यंत वाजतात, लग्नघरी सगळी मुले बारापर्यंत धावत असतात. तिथे आपल्याच मुलाला नऊला झोपवण्याचा अट्टहास केला तर मूलही रडते आणि यजमानही अवघडतात. अशा दिवशी दोनच गोष्टी सांभाळाव्यात. दुपारची झोप चुकवू नये, मग ती गाडीत का होईना. आणि अंथरुणावर घरचीच गोधडी व घरचीच गोष्ट असावी, म्हणजे गावाच्या घरातही झोपेची खूण तीच राहते. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच उठवावे, जरी रात्री एकला झोपले असले तरी. दुपारी झोप अर्धा तास वाढली तर वाढू द्यावी, पण तीनपुढे नाही. आमच्याकडे अनंत चतुर्दशीनंतर घडी पुन्हा बसायला चार दिवस लागतात, दिवाळीनंतर आठवडा, आणि मे महिन्यात कोकणातून परत आल्यावर त्याहून थोडे अधिक, कारण तिथे तिचे आजोबा तिला पहाटे पाचलाच गोठ्यात घेऊन जातात.